कडेगावचे ताबूत आणि गावगाड्यातला मान

दरवर्षी मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या आसपास सांगली-कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येते. घरांच्या छपरांवरून आणि झाडांच्या शेंड्यांवरून वर गेलेले रंगीबेरंगी मनोरे, त्यांना चहूबाजूंनी ताणून धरलेले दोर आणि खाली माणसांचा समुद्र. छायाचित्राखाली ओळ असते : हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक, कडेगावचे गगनचुंबी ताबूत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र रद्दीत जाते आणि कडेगाव पुन्हा वर्षभर विसरले जाते.

ती ओळ खोटी नाही, पण ती काही सांगतही नाही. एखादे गाव पिढ्यानपिढ्या केवळ ऐक्याचे प्रतीक होण्यासाठी बांबू चिरत बसत नाही. ज्यांनी ही प्रथा घातली, त्यांना 'ऐक्य' हा शब्द आजच्या अर्थाने ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना ठाऊक होता तो मान. कोणाचा ताबूत आधी उचलायचा, कोणाच्या दारात थांबवायचा, कोणाला आधी पानसुपारी द्यायची, हे सारे मानाचे प्रश्न होते. कडेगावचा इतिहास समजून घ्यायचा तर या मानाच्या वाटेने गेले पाहिजे. आपल्यासारख्या मराठी मुसलमानांच्या दृष्टीने तर ते अधिकच गरजेचे आहे. गावगाड्यात आपण कोण होतो, या प्रश्नाचे उत्तर या वाटेवर सापडते.

कडेगाव कऱ्हाडच्या पूर्वेला, कृष्णा आणि येरळा या दोन नद्यांच्या दरम्यानच्या कमी पावसाच्या पट्ट्यात वसलेले आहे. पूर्वी ते खानापूर तालुक्यात होते. आज स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आणि सागरेश्वरचे अभयारण्य याच तालुक्यात येतात. हा सारा मुलूख जुन्या सातारा जिल्ह्याचा. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर 'दक्षिण सातारा' असा वेगळा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. त्यामुळे कडेगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात सातारा आणि सांगली यांची सरहद्द अजूनही फारशी पक्की नसते. सोयरिकी, बाजार आणि उरूस यांना जिल्ह्याची हद्द कधी कळलीच नाही.

गावावरून जाणारा रस्ता गुहागर-विजापूर म्हणून ओळखला जातो. एका टोकाला कोकणचा किनारा, दुसऱ्या टोकाला विजापूर, मध्ये चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाड, कडेगाव, विटा, जत. नकाशावर ही रेघ पाहिली की एक गोष्ट चटकन लक्षात येते. आदिलशाहीची राजधानी विजापूर आणि तिचे मोठे बंदर दाभोळ यांना जोडणारी ही दिशा आहे. घोडे, कापड, मसाला आणि हाजी ज्या दिशेने ये-जा करीत, त्याच दिशेने ताबूतही या मुलखात आले असावेत, असे मानायला जागा आहे.

विजापूरच्या दरबाराचा मोहरमशी असलेला संबंध मोठा गमतीचा आहे. युसूफ आदिलशहाने १५०२ साली शिया पंथ जाहीर केला. १५३४ साली गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिमने तो रद्द करून सुन्नी पंथ आणला. त्यानेच दरबारी हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत, ब्राह्मण कारकुनांच्या हाती सोपवला. १५५८ साली पहिला अली आला आणि पुन्हा शिया पंथ आला. दुसऱ्या इब्राहिमच्या काळात पुन्हा सुन्नी. राजधानीत असे फेरबदल होत राहिले, पण खेड्यापाड्यांनी त्यांची दखल घेतली नाही. इथला मुसलमान बहुतांशी सुन्नी, हनफी राहिला आणि मोहरमही त्याने सोडला नाही. हजरत इमाम हुसेन यांच्या शहादतीचा शोक त्याने आपल्या पद्धतीने, आपल्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन पाळला. शिया मजलिस आणि मातम यांच्या जागी इथे पीर बसले, पंजे सजले, अलाव्याचे खड्डे खोदले गेले. नवसाची मुले फकीर झाली. घराघरांत चोंगे थापले गेले, मलिदा वाटला गेला, वाटसरूंना सरबत पाजले गेले. 'खत्तलची रात्र' हा शब्द आपल्या शेजारच्या मराठा आजीच्या तोंडीही तितक्याच सहजपणे आला.

हा मुसलमान कोण होता, हे आपल्या आडनावांतच लिहिलेले आहे. सातारा-सांगलीच्या कोणत्याही गावाची मतदार यादी उघडा : मुलाणी, तांबोळी, बागवान, अत्तार, शिकलगार, मणेर, नदाफ, पिंजारी, मोमीन, मुजावर, काझी, जमादार, इनामदार. यातली बहुतेक नावे धंद्याची आहेत, उरलेली वतनाची. पाने विकणारा, फळे-भाजी विकणारा, सुगंधी तेल विकणारा, हत्यारांना धार लावणारा, बांगड्या भरणारा, कापूस पिंजणारा, कापड विणणारा. मुसलमान म्हणजे बाहेरून आलेला सरदार, हे चित्र ज्यांना रंगवायचे आहे त्यांनी ही यादी जरूर वाचावी. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली लिहिलेल्या 'गावगाडा' या पुस्तकात मुलाण्याला गावच्या कामकऱ्यांत जागा दिली आहे. मुलाणा मशिदीची आणि पिराची देखभाल करी. आणि गावात बकरे पडायचे तर सुरी त्याचीच चाले, मग ते मराठ्याच्या जत्रेचे का असेना. त्याबद्दल त्याला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे. म्हणजे हिंदूंच्या देवकार्यात मुसलमानाचे काम होते आणि त्या कामाचा मोबदला ठरलेला होता. यात उपकाराचा किंवा औदार्याचा प्रश्न नव्हता. तो हक्क होता.

आता कडेगावची गोष्ट. ती तोंडी चालत आली आहे आणि सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते, पण गाभा एकच आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मोहरम पाहायचा तर या भागातले लोक कऱ्हाडला जात. कडेगावच्या देशपांडे घराण्यातील कर्ता पुरुषही गेला. देशपांडे म्हणजे परगण्याचा हिशेब ठेवणारा वतनदार; चार माणसांत त्याचा मान मोठा. पण कऱ्हाडात त्याचा मान राखला गेला नाही. तो माघारी आला तो मनाशी ठरवूनच : आता आपल्या गावातच ताबूत करायचे आणि असे करायचे की कऱ्हाडकरांनी ते पाहायला कडेगावला यावे. गावातल्या मुसलमानांना त्याने हाताशी धरले आणि ताबूत उभे राहिले.

ही कथा ऐकताना मला नेहमी वाटते की ऐक्यावर व्याख्याने देणाऱ्यांनी ती नीट ऐकलेली नाही. हिचा नायक ब्राह्मण आहे, उत्सव मुसलमानांचा आहे, आणि प्रेरणा आहे दुखावलेल्या अभिमानाची. भांडण हिंदू आणि मुसलमान यांच्यात नाही. ते कडेगाव आणि कऱ्हाड यांच्यात आहे. देशपांड्यांना मोहरम परका वाटला असता तर तिथे मान मिळाला नाही म्हणून रुसण्याचे कारणच नव्हते. आपल्याच घरच्या कार्यात पाटावर बसवले नाही म्हणून माणूस रुसतो. परक्याच्या घरी कोण रुसतो?

आणि हे काही एकट्या कडेगावचे वैशिष्ट्य नव्हते. ग्वाल्हेरचे शिंदे आणि इंदूरचे होळकर यांच्या दरबाराचे ताबूत निघत. मराठा सरदार ताबुतापुढे चालत. भोसल्यांच्या घराण्यात शहाजी आणि शरीफजी ही नावे नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने ठेवली गेली, असे परंपरा सांगते. त्या काळच्या दख्खनेत पीर हा जातीचा प्रश्न नव्हता, नवसाचा होता.

कडेगावात चौदाच्या आसपास ताबूत होतात आणि त्यांतले निम्मे हिंदूंचे, असे सांगितले जाते. सातभाई, बागवान, अत्तार, हकीम, शेटे, देशपांडे अशी ताबुतांची नावे घराण्यांवरून पडलेली आहेत. मानाचा पहिला ताबूत सातभाईंचा. तो उचलल्याशिवाय दुसरा हलत नाही. मग ठरलेल्या क्रमाने एकेक ताबूत आपल्या जागेवरून निघतो, ठरलेल्या ठिकाणी दुसऱ्याला गाठतो आणि शेवटी सारे एकत्र येऊन त्यांच्या भेटी होतात. भेट हा शब्द फार चांगला आहे. दोन मनोरे हलत-डुलत एकमेकांसमोर येतात, तेव्हा दोन भाऊबंद भेटावेत तसे ते दिसतात. दोर धरणाऱ्यांच्या मात्र हातांचे सालटे निघत असते.

बांधणीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण कडेगावची खरी विद्या तिथे आहे. बकरी ईद झाली की कामाला हात लागतो, म्हणजे जवळजवळ महिनाभर आधी. सामान साधे : बांबू, चिखलमाती, सूत, कागद. लोखंड नाही. ताबूत अष्टकोनी असतो आणि मजल्यावर मजले चढवलेला असतो. वर जावे तसा मजला लहान होत जातो. पण गंमत अशी की हे मजले खालून वर बांधत नाहीत. कळस आधी बांधला जातो, मग त्याला उचलून धरून खाली त्याच्याहून मोठा मजला जोडतात, मग दोन्ही उचलून त्यांच्या खाली तिसरा. पाया सर्वांत शेवटी येतो. शंभर फुटांच्या पुढे जाणाऱ्या या डोलाऱ्याचा तोल कारागिराला पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावा लागतो, कारण आज बांधलेल्या हातभर मजल्याखाली पुढे किती वजन येणार, त्याचे माप आजच चुकले तर दहाव्या दिवशी चौकात चुकते. एवढे करून ताबूत जागेवर उभा ठेवायचा नसतो, तो खांद्यावर घेऊन गल्लीबोळांतून न्यायचा असतो.

हा अष्टकोन आला कुठून? गोलघुमटाच्या चार कोपऱ्यांना जे मनोरे आहेत, ते अष्टकोनी आहेत आणि सात मजल्यांचे आहेत. कऱ्हाडच्या आदिलशाही मशिदीचे दोन उंच मनोरे तर अगदी जवळचे. कडेगावचा माणूस बाजाराला गेला की ते दिसणारच. कऱ्हाडकरांवर मात करायची म्हटल्यावर उंचीचे माप त्या मनोऱ्यांवरूनच घेतले असेल, अशी माझी आपली एक कल्पना आहे. ती मानावी अशी सक्ती नाही. पण दगडात जे सुलतानांनी केले, ते बांबू-चिखलात गावकऱ्यांनी केले आणि दरवर्षी नव्याने केले, एवढे तर कोणीही म्हणू शकेल.

आता एका वर्षाकडे वळले पाहिजे, ज्याचा उल्लेख आपल्या लेखनात पुरेसा येत नाही. ते वर्ष १८९४.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १८९३ मध्ये, मुंबईत मोठी दंगल झाली होती. पुण्यात तोवर मोहरमच्या मिरवणुकीत हिंदू मोठ्या संख्येने सामील होत. त्यांचे स्वतःचे ताबूत असत, टोळ्या असत, गाणी असत. दंगलीनंतर हिंदूंनी ताबुतांत जाऊ नये, असा प्रचार सुरू झाला. टिळकांच्या 'केसरी'नेही त्याला बळ दिले. १८९४ च्या जुलैमध्ये आलेल्या मोहरमकडे पुण्यातल्या हिंदूंनी मोठ्या प्रमाणावर पाठ फिरवली, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी गणेशोत्सव सार्वजनिक थाटात साजरा झाला. त्यातले मेळे, त्यांचे पोशाख, गाणी म्हणत जाणाऱ्या टोळ्या आणि शेवटी एकत्र निघणारी विसर्जनाची मिरवणूक यांचे मोहरमशी असलेले साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आमच्या साताऱ्याकडेही वाईत मशिदीपुढच्या वाद्यांवरून त्याच सुमारास प्रकरण पेटले. गणेशोत्सवाचे राष्ट्रीय चळवळीतले कार्य मोठे आहे, त्याविषयी वाद नाही. पण त्याची सुरुवात एका सामायिक उत्सवातून अर्धी माणसे उठून जाण्याने झाली, हेही तितकेच खरे आहे. ज्यांनी ते उठून जाणे पाहिले, त्या पुण्याच्या ताबूतवाल्या मुसलमानांना काय वाटले असेल, हे मराठी इतिहासाच्या पुस्तकांत कुठे वाचायला मिळत नाही.

मग कडेगावातले हिंदू का उठून गेले नाहीत? 'केसरी' खेड्यात पोचत नव्हता, हे उत्तर पुरेसे नाही. सातारा जिल्हा काही मागे पडलेला नव्हता. कडेगावपासून जवळच असलेल्या टेंभूत तर आगरकर जन्मले. माझ्या मते उत्तर मानात आहे. पुण्यातला हिंदू मोहरमला येई तो पाहुणा म्हणून किंवा हौशी म्हणून. त्याने येणे थांबवले तर त्याचे काही जात नव्हते. कडेगावातला शेटे किंवा देशपांडे पाहुणा नव्हता. क्रमात त्याची जागा होती. ती सोडायची म्हणजे घराण्याचा मान आपल्या हाताने दुसऱ्याला द्यायचा. वतनदार माणूस एकवेळ जमीन सोडील, पण मान सोडणार नाही. म्हणून पुण्याचे वारे कडेगावच्या वेशीपर्यंत आले असले तरी आत शिरले नाहीत.

पुढे वतनेच गेली. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली, १९५८ मध्ये कनिष्ठ गाव वतने आणि १९६२ मध्ये मुलकी पाटीलकी. त्याआधी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सातारा-सांगली-कोल्हापूरच्या अनेक खेड्यांतली ब्राह्मण घरे गाव सोडून शहरात गेली. मुलाण्याचे खळ्यावरचे धान्य बंद झाले आणि त्याची मुले एसटीत, सूतगिरणीत, साखर कारखान्यात कामाला लागली. विटा-खानापूर-कडेगाव भागातली मराठा आणि इतर पोरे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. गावगाड्याची चाके निखळली. तरीही मोहरम आला की जुना क्रम पुन्हा लागतो. कायद्याने हक्क गेले, ताबुतातला मान राहिला. या अर्थाने ती मिरवणूक म्हणजे बरखास्त झालेल्या गावगाड्याची चालती-बोलती नोंदवही आहे.

पण या नोंदवहीचे गोडवे गाताना डोळे उघडे ठेवलेले बरे. गावगाडा काही स्वर्ग नव्हता. ज्यांना मान होता त्यांना तो होता. ज्यांनी हलगी वाजवली, दिवट्या धरल्या, मैला वाहिला, त्यांना कष्ट होते, मान नव्हता. आपल्यातही इनामदार-काझी आणि पिंजारी-नदाफ यांच्यात पाटाला पाट लागत नव्हता. सहजीवनाचा इतिहास लिहिताना आपण हे लपवले तर तो इतिहास न राहता सत्काराचे भाषण होईल.

आक्षेप दुसऱ्या बाजूनेही आहे आणि तो घरातलाच आहे. ताबूत हा दीनचा भाग नाही, असे उलेमा फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या बरेली आणि देवबंद यांचे या एका बाबतीत बरेचसे जमते; खुद्द मौलाना अहमद रझा खान यांनी ताजियाच्या प्रथेवर टीका केली आहे. आपल्या गावोगावच्या तरुणांपैकी अनेकांनी या कारणाने पंजे आणि अलावे सोडले. कोणाला अशूराचा रोजा ठेवून घरी बसावेसे वाटले तर तो त्याचा अधिकार आहे. पण इबादत कोणती हा प्रश्न वेगळा आणि गावात आपण कसे राहिलो हा प्रश्न वेगळा. पहिल्याचे उत्तर आलिमांनी द्यावे. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी मात्र ताबुताचा दोर धरलेल्या म्हाताऱ्याकडेच जावे लागेल, आणि तो गेल्यावर विचारायला कोणी राहणार नाही.

या भागात कडेगावला भावंडे आहेत. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडी या गावी गणपती मशिदीत बसतो. १९६१ साली ऐन गणेशोत्सवात मोठा पाऊस आला, तेव्हा मूर्ती भिजू नये म्हणून मुसलमानांनीच ती मशिदीत आणायला सांगितले. १९८० पासून झुंजार चौकातले मंडळ रीतसर तिथेच गणपती बसवते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड कोल्हापूर जिल्ह्यात असले तरी मिरजेच्या हाकेवरचे. तिथे पाच मशिदींत गणपती असतो. मोहरम आणि भाद्रपद एकत्र आले की तिथे पंजे आणि गणपती एकाच छताखाली दिसतात. हा योग कसा येतो तेही पाहण्यासारखे आहे. दोन्ही महिने चंद्रावरचे, त्यामुळे मोहरम भाद्रपदात पडला की अशूरा अनंत चतुर्दशीच्या दोन-तीन दिवस आधी येणारच. आपण अधिक महिना धरत नाही, म्हणून दर वर्षी मोहरम दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांनी पुन्हा तिथेच येतो. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे हा योग आला. त्यातले तिसरे वर्ष कोरोनाचे; गणपतीची मिरवणूकही नव्हती आणि ताबुतांचीही नव्हती.

या भावंडांबरोबरच दुसरी नोंदही याच वहीत करावी लागते. सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवाच्या वेळी, मिरजेत अफजलखान वधाच्या कमानीवरून दंगल पेटली आणि सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत पसरली. ख्वाजा शमना मीरा यांच्या उरसात अब्दुल करीम खाँ ज्या मिरजेत गात असत, जिथल्या शिकलगारांनी हत्यारे सोडून तंबोरे-सतारी करायला घेतल्या, ती ही मिरज. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला. दुकाने, वाहने जळाली आणि एका तरुणाचा जीव गेला. पुसेसावळी कडेगावपासून लांब नाही. तिथली आडनावेही तीच आहेत. आणि ज्या वाळवा तालुक्यात गोटखिंडी आहे, त्याच तालुक्याचे मुख्य ठिकाण उरुण-इस्लामपूर. तिथल्या ग्रामदैवताचे नावच संभुआप्पा-बुवाफन असे जोडीचे, एक हिंदू आणि एक मुसलमान, आणि दोघांचा उरूस एक. २०२५ साली सरकारने त्या गावाचे नाव ईश्वरपूर केले. पाटीवरचे नाव पुसता येते. उरसाचे नाव कसे पुसणार, हे मला अजून कळलेले नाही.

कडेगावला कधी तणाव झालाच नसेल, असे मी म्हणत नाही. माणसे राहतात तिथे भांडणे होतात. पण शंभर फुटांचा ताबूत उचलायला शेकडो हात लागतात आणि ते एका जातीत मिळत नाहीत. दोर चारही बाजूंनी सारखा ताणलेला लागतो. एका बाजूने ढिलाई केली तर डोलारा सगळ्यांच्याच अंगावर येतो. हे तत्त्वज्ञान नसून रोजचा व्यवहार आहे, आणि गावाला तो उपदेशापेक्षा लवकर कळतो.

राहता राहिली आपली बाजू. आपण 'आम्हीही इथलेच' असे सभांतून सांगत आलो, पण आपल्या गावांचे इतिहास लिहायचे काम आपण बहुतांशी दुसऱ्यांवर सोडले. साताऱ्याचे गॅझेटियर इंग्रजांनी १८८५ साली काढले. त्यानंतर कोणा मुलाण्याने, कोणा तांबोळ्याने आपल्या गावाचे पुस्तक लिहिले असे उदाहरण विरळाच. साधने नाहीत म्हणावे तर तसेही नाही. १८५२ च्या इनाम कमिशनने दख्खनच्या इनामांची जी चौकशी केली, तिची दप्तरे पुण्याच्या अभिलेखागारात आहेत. त्यांत मशिदी, दर्गे, पीर यांच्या जमिनींचे कागद मोडीत आहेत. अनेक मुजावर-इनामदारांच्या घरी पत्र्याच्या पेटीत सनदांच्या घड्या आहेत. त्या वाचता येत नाहीत म्हणून ताईत समजून जपल्या जातात आणि वाळवीला जातात. मोडी सहा महिन्यांत शिकता येते. आपल्यातले शिक्षक, प्राध्यापक, पदवीधर मुले-मुली यांनी ती शिकावी. कडेगावच्या शाळेतल्या मुलांनी तर कागदांचीही वाट पाहू नये. कोणता ताबूत कोणानंतर उचलतात, तो कुठे थांबतो, कोण कोणाला पान देतो, कळसाच्या मजल्याचे माप किती आणि तळाच्या मजल्याचे किती, अलाव्याची कुदळ कोणाच्या हाताने पडते, घराघरांत चोंग्यात गूळ घालतात की साखर, हे सारे एका वहीत उतरवून घ्यावे. सांगणारे आजोबा-आजी अजून आहेत. बकरी ईद झाली की बांबू चिरायला तेच बसतात आणि हाताने काम चालू असले की माणूस मोकळेपणाने बोलतो.